ऑन युवर लेफ्ट

सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमच्या पंचाहत्तरीला आपण सदर्न-एशियन खायला जायचं," आणि माझ्या डोळ्यांपुढं मद्रास सेंट्रल उभं राहिलं.

यात माझा दोष नाही. सदतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बरीचशी सोलापूर विभागात रूळ, स्लीपर आणि खडी यांच्या सेवेत. अशा माणसाला 'सदर्न' म्हटलं की सदर्न रेल्वेच आठवणार आणि तिच्या मागोमाग फलाटावरची इडली. एशियन म्हणजे काय ते सूनबाईनं समजावलं : चायनीज, कोरियन, थाई वगैरे. म्हणजे साउथ इंडियन अधिक चायनीज. मी म्हटलं, मग यात नवीन ते काय? आमच्या कुर्डुवाडीत स्टँडसमोरच्या हॉटेलाच्या पाटीवर कित्येक वर्षं हेच लिहिलंय : 'साउथ इंडियन, चायनीज, पंजाबी. ऑर्डरप्रमाणे पिठलं-भाकरी.' आणि सदर्न-एशियनचा कळस जो शेजवान डोसा, तो तर तिथला पोऱ्या एका हातानं गुडघा खाजवत दुसऱ्या हातानं करतो. त्यासाठी अमेरिकेत टेबल राखून ठेवायचं?

"बाबा, सदर्न म्हणजे इथलं सदर्न. अमेरिकेचं साउथ. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी."

चिरंजीवांचं घर अटलांटाच्या उत्तरेला, आल्फारेटा नावाच्या उपनगरात. तिथं आपण अमेरिकेत आहोत हे फक्त कचरा उचलायच्या वारांवरून कळतं. शेजारी तेलुगू, समोर गुजराती, मागं एक पुणेकर. आणि तो पुणेकर आहे हे त्यानं पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. गणपतीला मंडळ आहे, ढोल आहे, मोदकांची आगाऊ नोंदणी आहे. त्यामुळं 'इथलं सदर्न' हा प्रकार दोन महिन्यांत आमच्या दृष्टीला पडलाच नव्हता. म्हटलं, चला.

फक्त एक घोटाळा झाला होता. माझा वाढदिवस तारखेनं, आणि त्या तारखेला आषाढी एकादशी. हे सूनबाईच्या फोनमधल्या कॅलेंडरला माहीत नव्हतं आणि आमच्या हिला माहीत होतं. पण पोरांनी हौसेनं ठरवलंय म्हणून ती गप्प बसली. बायको एकादशीला गप्प बसते तेव्हा ती गाडी आउटर सिग्नलला उभी आहे असं समजावं. पुढं काहीतरी होणार असतं.

हॉटेल गाडीरस्त्यावर नव्हतं. मोटार एका बहुमजली पार्किंगात कोंबून, तिचे पैसे भरून (त्या पैशात कुर्डुवाडीत मोटारीचा महिन्याचा मुक्काम झाला असता) आम्ही एका रुंद काँक्रीटच्या पायवाटेवर आलो. तिला म्हणतात बेल्टलाईन. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले, जुलैचा दमट उन्हाळा, आणि पायवाटेवर अख्खं शहर लोटलेलं. पळणारे, सायकलवाले, विजेच्या स्कूटरवाले, बाबागाडीत पोर आणि बाबागाडीतच कुत्रा असलेले. मी शंभर पावलं चाललो आणि थांबलो.

"काय झालं बाबा? दम लागला?"

"अरे, ही रेल्वेलाईन आहे."

चिरंजीव म्हणाला, "होती. तुम्हाला कुणी सांगितलं?"

सांगायला कशाला हवं? गाडीरस्ता टेकडी आली की चढतो आणि वळण आलं की वळतो. रेल्वेला तो लाड परवडत नाही. ती चढ वाटून घेते, शंभर फुटांत एखादा फूट, आणि वळण असं लांबून घेते की वळलो हे डब्यातल्या माणसाला चहा सांडल्याशिवाय कळू नये. ते माझ्या पायांना कळलं. दोन्ही बाजूंचे कापलेले बांध कळले, रस्त्याखालून जाताना पुलाच्या दगडी खांबांतलं अंतर कळलं. रूळ तेवढे नव्हते. आमच्या खात्याचं नाव 'पर्मनंट वे', कायमचा मार्ग. इंग्रजांनी ते ठेवलं तेव्हा पुढं त्याच मार्गावर माणसं कुत्र्याला बाबागाडीतून फिरवतील अशी त्यांना कल्पना नसावी.

हिशेब असा की अटलांटा हे गावच मुळी रेल्वेनं जन्माला घातलं. 1837 साली एका रेल्वेच्या सर्वेक्षणवाल्यांनी इथं जंगलात खुंटी ठोकली : लाईन इथं संपेल. म्हणून वस्तीचं नाव पडलं टर्मिनस. मग मार्थासव्हिल झालं, मग 1845 साली अटलांटा. म्हणजे आपल्याकडं गावाला स्टेशन मिळतं, इथं स्टेशनाला गाव मिळालं. 1864 साली यादवी युद्धात जनरल शेर्मन आला आणि त्यानं शहर जाळलंच, पण रूळही सोडले नाहीत. स्लीपरांची होळी पेटवायची, तिच्यावर रूळ लालबुंद तापवायचे आणि झाडाला गुंडाळायचे. लोक त्यांना 'शेर्मनचे नेकटाय' म्हणत. हे मी वाचलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. शत्रूचं गाव जाळणं एकवेळ समजू शकतो, पण रूळ?

युद्धानंतर शहर पुन्हा उभं राहिलं, आणि गावातली गर्दी टाळून मालगाड्या बाहेरच्या बाहेर वळवायला निरनिराळ्या कंपन्यांनी शहराभोवती लाईनी टाकल्या. पुढं ट्रक आले, कारखाने उठले, लाईनी गंजल्या आणि त्यांच्यावर कुडझू चढली. ही वेल जपानची. 1876 सालच्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात शोभेची म्हणून अमेरिकेत आली, आणि पुढं जमिनीची धूप थांबवायला सरकारनंच पैसे देऊन दक्षिणेत लावून घेतली. धूप थांबली की नाही देव जाणे, वेल थांबली नाही. झाडं, खांब, पडकी घरं, मालगाडीचे डबे, सगळं हिरव्या गोधडीखाली. आपल्याला अमेरिकन गव्हाच्या पोत्यांतून गाजरगवत आलं म्हणतात, त्याचा सूड जपाननं आधीच उगवून ठेवला होता. सदर्न-एशियन म्हणून काही असेल तर त्याचा मूळपुरुष ही वेल. हॉटेलं तिच्या खूप नंतरची.

1999 साली इथल्या जॉर्जिया टेकमध्ये रायन ग्रॅव्हेल नावाच्या विद्यार्थ्यानं प्रबंध लिहिला : हे 22 मैलांचं, म्हणजे 35 किलोमीटरचं तुटकं कडं जोडा, त्यावर ट्राम चालवा, शहर सांधलं जाईल. आपल्याकडं प्रबंध बांधणीवाल्याकडून थेट विद्यापीठाच्या तळघरात जातो आणि तिथं वाळवीची पीएचडी होते. इथं लोकांनी तो वाचला, सभा घेतल्या, शहराला पटवलं. 2012 साली पूर्वेकडचा हा पट्टा खुला झाला. शेजारची सिअर्स कंपनीची 1926 सालची अवाढव्य विटांची वखार, जिथून टपालानं घरोघर माल जायचा, तिचा बाजार झाला. बागा झाल्या, हॉटेलं झाली. फ्लॅटचे भाव असे चढले की लाईनीकाठी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या गरिबांना आपलं घर कुणाच्या तरी गॅलरीतून दिसणारा देखावा आहे हे पहिल्यांदा कळलं, आणि पाठोपाठ घरही सोडावं लागलं. म्हणजे प्रबंधात जे होतं आणि जे नव्हतं, ते बहुतेक सगळं झालं.

"आणि ट्राम?"

"ती अजून नाही आली," चिरंजीव म्हणाला.

प्रकल्पातली मूळ वस्तू सोडून बाकी बरंच काही पूर्ण. डोळे भरून आले. परमुलखात आपल्या खात्यातलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

चालण्याचा एक नियम मात्र आम्हाला जमेना. मागून येणारा सायकलवाला ओरडतो, "ऑन युवर लेफ्ट!" म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढं जातोय, तुम्ही आहात तिथंच राहा. आपली समजूत अशी की कुणी डावीकडं म्हटलं की डावीकडं व्हायचं. शिवाय आपली डबल लाईन डाव्या हातानं चालते. डावीकडं होणं माझ्या हाडात. पहिल्या हाकेला आम्ही दोघं नवराबायको एका तालात डावीकडं उडी मारून बरोब्बर त्याच्या चाकापुढं. त्यानं ब्रेक लावला आणि उलट तोच "सॉरी" म्हणाला. दुसऱ्या हाकेला मी हिचा दंड धरून ठेवला, तर ही एकटीच उडाली. मग नातीनं दोघांच्या मधे राहून दोघांचे हात धरले आणि आम्हाला हॉटेलापर्यंत शंटिंग करत नेलं.

हॉटेलाचं नाव सांगत नाही. पुढं जे झालं त्यात खोट त्यांची नव्हती, पंचांगाची होती. जुनी कसलीशी वखार, मोडकी दिसावी म्हणून पैसे खर्चून जपलेली. बाहेर पायवाटेला लागून टेबलं, वर पंखे, खांबाला कुत्र्यांसाठी पाण्याची भांडी. आम्हाला पाणी मागावं लागलं, कुत्र्यांना लागलं नाही.

वेटर आला. विशीतला पोरगा, दंडावर भोपळ्याचं गोंदण.

"हाऊ यॉल डूइंग टुनाइट? मी तुमची काळजी घेणार आहे."

सूनबाईनं भाषांतर केलं तशी आमची ही चिरंजीवाकडं बघून म्हणाली, "बघ. शिक."

या 'यॉल'वर माझा फार जीव जडला. इंग्रजीत आईला यू, कुत्र्याला यू, एकाला यू, बाराजणांना यू. तू-तुम्ही-आपण अशी तीन दर्जांची तिकिटं वापरणाऱ्या माणसाला ही एकच जनरल डब्याची व्यवस्था पहिल्यापासून खटकते. दक्षिणेतल्या लोकांनी निदान अनेकवचनाची सोय लावून घेतली. वर बायामाणसांना मॅम आणि वडीलधाऱ्यांना सर. पोरानं मला जितक्या वेळा सर म्हटलं तितक्या वेळा माझ्या हाताखालच्या ट्रॉलीमननंही म्हटलं नसेल.

मग त्यानं विचारलं, आमच्याकडं पूर्वी जेवलात का? नाही? तर मग मेन्यू समजावून सांगतो. मी सावध झालो. मेन्यू समजावून द्यावा लागतो तिथं बिलही समजावून द्यावं लागतं. इथल्या ताटल्या लहान आहेत, त्या सगळ्यांनी मिळून खायच्या, आणि स्वयंपाकघरातून ज्या क्रमानं सुटतील त्या क्रमानं येतील. मी म्हटलं, म्हणजे टाइमटेबल नाही. पोरगा म्हणाला, "नो सर, जर्नी आहे."

मेन्यू एका पानाचा, अक्षर आमच्या वर्किंग टाइमटेबलइतकं बारीक. चिरंजीव वाचू लागला.

"ग्रिट्स. त्यावर किमची आणि कोळंबी."

"ग्रिट्स म्हणजे?"

"मका भरडून शिजवतात. रव्याच्या खिरीसारखं दिसतं, पण खारट."

"कण्या," ही म्हणाली.

संपला विषय. ज्याला हे लोक दक्षिणेचा आत्मा म्हणतात ते मक्याच्या कण्या निघाल्या. आमच्या लहानपणी दुष्काळात ज्वारीच्या कण्या खाल्ल्या, त्या खाल्ल्या हे चारचौघांत बोलायची चोरी होती. कृष्णानं विदुराघरी खाल्ल्या त्या कण्यांची कथा झाली. इथं कथा नव्हती, 24 डॉलर होते.

"हॉपिन् जॉन फ्राइड राइस. ब्लॅक-आईड पीज आणि भात."

"चवळी-भात," ही म्हणाली.

नववर्षाच्या दिवशी दक्षिणेत हा चवळी-भात खातातच. चवळी म्हणजे नाणी, सोबतची पालेभाजी म्हणजे नोटा, मक्याची पावभाकरी म्हणजे सोनं. खाल्लं की वर्षभर पैसा. आपण गुढीपाडव्याला कडुनिंब खाऊन वर्षाची सुरुवात करतो आणि मग पैसा का येत नाही म्हणतो.

"ओक्रा टेंपुरा."

"भेंडी. भजी."

"बॉइल्ड पीनट्स, सोय आणि बडीशेपेच्या त्या चांदणीसारख्या मसाल्यात."

"उकडलेल्या शेंगा! बादियान घालून." ही आता परीक्षेला बसल्यासारखी ताठ झाली होती. अमेरिकेत आल्यापासून प्रथमच तिला सगळे प्रश्न येत होते.

शेंगा उकडून खाणारा माणूस मला परका वाटूच शकत नाही. जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं भुईमुगाचं पहिलं राज्य, जिमी कार्टर इथलाच शेंगावाला. रस्त्याकडेला पातेलं चढवून, मिठाच्या पाण्यात तासन् तास उकळून, कागदी पिशवीत गरमागरम देतात. आमच्या बार्शी लाईटवर शेंदरी, पंढरपूर, कुठंही गाडी थांबली की टोपली आत यायची. डब्यात फरशी दिसायची नाही, नुसती टरफलं. इथं त्यांना 'गूबर'ही म्हणतात. तो शब्द आफ्रिकेतल्या काँगोकडचा. गंबो म्हणून जी यांची नावाजलेली पातळ आमटी, ते नावही तिकडच्याच भाषांतलं, भेंडीचं. चवळीही तिकडचीच. गुलाम करून जहाजांच्या पोटात कोंबून आणलेली माणसं. हातात काही नव्हतं, तरी जिभेवर शब्द होते, आणि त्यांच्यामागून भेंडी आली, चवळी आली. मालकांच्या मुलुखाला आज सदर्न फूड म्हणून जे मिरवता येतं, ते त्यांनी रांधून ठेवलेलं. त्या रात्री मेन्यूवर शेफची चार ओळींची जीवनकहाणी छापली होती. या माणसांना अर्धी ओळही नव्हती.

आता मुख्य प्रवासी. "तुम्ही काय घ्याल आई?" सूनबाईनं विचारलं आणि आउटरला उभी असलेली गाडी आत आली.

"मला आज एकादशी आहे."

टेबलावर शांतता पसरली. सूनबाईनं कपाळावर हात मारला. चिरंजीव म्हणाला, "आई, आधी सांगायचं ना!" ही म्हणाली, "तुम्हाला विठोबा आठवला नाही त्याला मी काय करू?" मग सगळे मेन्यूवर तुटून पडले, उपासाचं शोधायला, आणि माझ्या लक्षात एक गंमत आली, ती मी लगेच सांगितली. (मी लगेच सांगतो ही घरच्यांची तक्रार आहे.) रताळं मूळचं अमेरिका खंडातलं. बटाटा तिथलाच, अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. ज्या कंदाचा साबुदाणा करतो तो ब्राझीलकडचा. हिरवी मिरची तिकडची, आपण ज्याची चिक्की खातो तो राजगिराही तिकडचा. पोर्तुगीज गलबतांतून वगैरे हे सगळं आपल्याकडं आलं. म्हणजे ज्ञानोबा-तुकोबांच्या वारीला निघालेला आमचा वारकरी एकादशीच्या दिवशी भगर सोडली तर जवळजवळ संपूर्ण अमेरिकन जेवतो. तेव्हा आजच्या दिवशी पृथ्वीवर उपास करायला याहून योग्य जागा नाही.

"भाषण नको," ही म्हणाली. "रताळी कशात तळतात विचार."

पोरगा आत जाऊन आला. कोंबडी तळतात त्याच तेलात.

दुसरा पर्याय : भाजलेलं रताळं, मिसो घातलेल्या लोण्यात. मिसो कशाचं? सोयाबीनचं. सोयाबीन म्हणजे कडधान्य. बाद. शेंगा? सोय सॉसमध्ये, सॉसमध्ये गहूही. बाद. पोरगा वही घेऊन उभा. त्यानं सूनबाईला अदबीनं विचारलं, "मॅम, ही ॲलर्जी आहे का?"

"नाही," सूनबाई म्हणाली, "हा विठ्ठल आहे."

त्यानं स्पेलिंग विचारलं.

थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून आरोळी आली, "टेबल फोर्टीन, एकाडाशी!" आणि आतून चार गळ्यांनी उत्तर आलं, "येस शेफ!" चंद्रभागेच्या वाळवंटात एवढा कडक प्रतिसाद मी ऐकलेला नाही. हिच्यापुढं आलं एक सालीसकट भाजलेलं रताळं, मीठ न घातलेलं लोणी, कापलेली पीचची फळं आणि स्वयंपाकघरानं आपल्या मनानं साध्या पाण्यात उकडून दिलेल्या वाटीभर शेंगा. वर चिठ्ठी : हॅपी एकाडाशी.

आमची गाडी मात्र 'जर्नी'च्या क्रमानं येत होती, म्हणजे आधी गोड, मग तिखट, मग काहीच नाही. गोड म्हणजे स्वीट टी. हा इथला राष्ट्रीय चहा : भरपूर साखर, बर्फ, दूध नाही. कुर्डुवाडीच्या फलाटावर असा चहा दिला असता तर प्रवाशानं साखळी ओढली असती. मग बिस्किट. मी पार्लेजीच्या आशेनं हात पुढं केला. आला पावासारखा खारा, लोणीदार, पापुद्र्यांचा गोळा, चहात बुडवायच्या लायकीचा नाही पण नुसता खायला झकास. मग 'गोचुजांग' नावाच्या कोरियन चटणीतली तळलेली कोंबडी. मेन्यूत तिच्यापुढं तीन ज्वाळा काढलेल्या आणि पोरानं दोनदा बजावलेलं, सर, स्पायसी आहे. मी सोलापूरच्या शेंगाचटणीवर वाढलेला माणूस. ती चटणी निम्मी गोड होती. पण कोंबडी अशी कुरकुरीत की बाजूच्या टेबलावर आवाज जावा.

मग जी 'काहीच नाही'ची वेळ आली, तिच्यात मी 1886 सालची गोष्ट काढली. ती ऐकल्याशिवाय माझ्यासोबत कुणालाही पूर्ण जेवता येत नाही.

तर, अमेरिकेच्या दक्षिणेतले रूळ पाच फूट अंतरावर होते आणि उत्तरेतले त्याहून जवळ. सरहद्दीवर प्रत्येक वाघीण रिकामी करायची, दुसऱ्यात भरायची. ब्रेक ऑफ गेज. हे मला कुणी शिकवायला नको. माझं गाव त्यावरच जगलं. आमची बार्शी लाईट, कॅल्थ्रॉपसाहेबानं 1897 साली सुरू केलेली, अडीच फुटी. मेन लाईन साडेपाच फुटी. कुर्डुवाडीला पोतं एका गाडीतून उतरवायचं, दुसरीत चढवायचं, आणि मधल्या पाच पावलांत शेरभर शेंगा गळायच्या. त्या गळतीवर किती बिऱ्हाडं चालली. पुढं आमचं गेज बदलायला वर्षानुवर्षं लागली, माझी निवृत्ती आली तरी मिरजेकडचं काम चालूच. आणि या लोकांनी? 31 मे आणि 1 जून 1886. दोन दिवस. अकरा हजार मैलांहून अधिक लाईन. आधीच नव्या जागी आतले खिळे ठोकून ठेवले, आणि त्या दोन दिवसांत हजारो माणसांनी सगळ्या दक्षिणेत एका बाजूचा रूळ तीन इंच आत सरकवला. फक्त तीन इंच! मंगळवार संपला तेव्हा गाड्या धावायला मोकळ्या.

चिरंजीव आणि सूनबाई हे चौदाव्यांदा ऐकत होते. नात फोनमध्ये. पण तो गोंदणवाला पोरगा ताटल्या हातात घेऊन उभा राहून ऐकत होता. "दॅट्स इनसेन, सर," तो म्हणाला. मला वाटतं, मग आमच्या ताटल्या जरा लवकर आल्या.

त्यानंतर मी प्रत्येक पदार्थाला गेज लावून पाहिलं. कण्यांवर किमची हे निव्वळ ट्रान्सशिपमेंट : एका वाघिणीतला माल दुसरीवर ओतलेला, मधे गळती, किंमत वाढलेली. वाँटनमध्ये यांचं ते मिरचीचं चीज भरलेलं, तेही तसंच; हमालीच जास्त. पण कॉलर्डची पालेभाजी निराळी निघाली. कोबीच्या जातीची रुंद, जाड पानं. इथल्या रीतीनं ती डुकराच्या धुरकट हाडासोबत तासन् तास शिजवतात, आणि खाली जो हिरवट रस उरतो त्यात मक्याची भाकरी बुडवून खातात. आपण कट भुरकतो तसं. या आचाऱ्यानं हाड काढून टाकून सुक्या मशरूमचं पाणी, आलं आणि शेवटी व्हिनेगर घातलं होतं. बाकी काही हलवलं नव्हतं. हा माणूस रूळ सरकवणारा होता. मी ती ताटली पोरांना दिली नाही.

शेवटी आला कंट्री कॅप्टन. नाव वाचूनच मी दचकलो होतो. हा पदार्थ मी 1970च्या दशकात भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरसाहेबाकडं खाल्लेला : कोंबडी, हळद, आलं, तळलेला कांदा. तो इथं कसा? तर म्हणे हिंदुस्थानातून मसाले आणणाऱ्या कुणा जहाजाच्या कप्तानानं जॉर्जियाच्या किनाऱ्यावर उतरवला. ही दंतकथा, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन पाकपुस्तकात तो आलेला आहे हे खरं, आणि याच राज्यात वॉर्म स्प्रिंग्जला उपचारांसाठी येणारा रूझवेल्ट तो आवडीनं खायचा हेही खरं. इथं त्यात टोमॅटो, ढोबळी मिरची, मनुका, वर बदामाचे काप. चव अशी, की कुणीतरी रस्सा खाल्लेल्या माणसानं तो न खाल्लेल्या माणसाला टेलिफोनवर सांगितला असावा, आणि लाईन मधेमधे तुटत असावी. तरी पण हळद होती. दीडशे-पावणेदोनशे वर्षं ती परमुलखात टिकून राहिली होती. मी दोनदा वाढून घेतला.

"कसंय?" हिनं विचारलं. ती शेंगा फोडत बसली होती. पुढ्यात टरफलांचा नीट ढीग, अगदी डब्यातल्यासारखा. पण शेंगा संपत आल्या होत्या आणि नजर माझ्या ताटलीशेजारच्या भेंडीच्या भज्यांवर.

"बरंय."

"किती वाजले?"

"साडेआठ व्हायला आलेत."

बाहेर अजून उजेड होता. पायवाटेवरून स्कूटर, कुत्री, पळणारे. हिनं बोटं मोडून काहीतरी मोजलं. मग नातीला विचारलं, "इकडच्या आणि तिकडच्या घड्याळात किती गं फरक?"

"साडेनऊ तास, आजी."

"म्हणजे पंढरपुरात आता?"

"सकाळचे सहा."

"उजाडलं," ही म्हणाली. तिनं जागेवरूनच आग्नेयेला का कुठंतरी, बहुधा पार्किंगच्या दिशेनं, हात जोडले. "द्वादशी लागली. त्या पोराला हाक मार. म्हणावं, एक भेंडी नवीन तळून आण, ही गार झालीय. आणि ते कण्यांचं काय ते... कोळंबी काढून."

पोरगा लांबच्या टेबलाशी होता. मी हात वर केला, त्यानं मान डोलावली आणि आमच्याकडं वळला. वाटेत ताटल्या घेऊन जाणारी एक मुलगी आमच्या खुर्च्यांमागून "ऑन युवर लेफ्ट!" म्हणत आली, आणि आम्ही दोघंही खुर्च्यांसकट डावीकडं सरकलो.

साधारण तीन इंच.